पाण्याची पाळी

आमच्या भागात घरातल्या भांडणाचा शेवटचा शब्द 'वाटणी' असतो. तो एकदा तोंडातून गेला की चुलीपासून विहिरीपर्यंत सगळीकडे रेघा पडतात. १९९८च्या आषाढात माझ्या धाकट्या भावाने तो उच्चारला. अण्णा ओसरीवर बाज विणत बसले होते. "माझं काय निघतं ते मला देऊन टाका. मला इथं राहायचं नाही," तो म्हणाला. अण्णांनी सुंभ ओढून गाठ मारली, मग आणखी एक मारली. वर पाहिलं नाही. आत तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला आणि ती कुणी उलथली नाही, एवढं मला लख्ख आठवतं.

आमची जमीन पाच एकर. नगर जिल्ह्यात ही काही मोठी शेती नव्हे, पण ती कुठून आली ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१मध्ये सुरू झालं. त्या मिशनच्या शाळांमधून ज्या घरांनी पहिल्यांदा पाटी-पेन्सिल हातात धरली, त्यांतलं आमचं एक. माझ्या आजोबांच्या आजोबांना वाड्यासमोरून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. त्यांच्या या नातवाने मिशनच्या शाळेत मास्तरकी केली, पगारातून पै-पै बाजूला टाकून आधी दोन एकर घेतलं, मग तीन, आणि मग विहीर खणली. पाणी लागलं त्या दिवशी त्यांनी विहिरीच्या काठावर गुडघे टेकून प्रार्थना केली आणि खणणाऱ्यांना गूळ वाटला, असं आमच्या घरात सांगतात. आम्ही भावंडं ती गोष्ट ऐकतच मोठी झालो.

ख्रिस्ती माणसाच्या मिळकतीला १९२५चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. त्यात मुलाला जन्मामुळे हक्क मिळत नाही. बाप जिवंत आहे तोवर मिळकत बापाची. म्हणजे भावाने जे मागितलं ते अण्णा देणं लागत नव्हते. वकिलाने त्यांना हे समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि अडीच एकर व विहिरीतला निम्मा हिस्सा धाकट्याच्या नावे करून दिला. उरलेली अडीच एकर माझ्या नावे. आमच्या बहिणीचा वाटा कुणाच्या मनातसुद्धा आला नाही. त्याच कायद्यात मुलगा आणि मुलगी सारखे आहेत, हे मला फार उशिरा कळलं. ती माफी मागायची अजून राहिली आहे, आणि ती मी या गोष्टीत उरकून टाकणार नाही.

वर्षाच्या आत भावाने आपला तुकडा तालुक्याच्या एका व्यापाऱ्याला विकला. विहिरीतला हिस्साही त्याबरोबर गेला. आठवड्यातले साडेतीन दिवस आजोबांच्या विहिरीचं पाणी परक्याच्या पाटाने वाहू लागलं. वैशाखात माझा ऊस सुकायला लागला की मी त्या व्यापाऱ्याच्या गड्याकडे जायचो, एखादी पाळी मागायला. पैसे मोजून. असं वर्षानुवर्षं चाललं. हे मुद्दाम सांगतो, कारण क्षमेबद्दल काहीही वाचलं-ऐकलं की आधी ते पाणीच माझ्या डोळ्यांसमोरून वाहत जातं.

लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातला, येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला आम्हाला शब्बाथ शाळेत पाठ होता. बाई भिंतीवर रंगीत चित्रं लावायच्या: डुकरं, फाटके कपडे, मग पांढऱ्या दाढीचा बाप हात पसरून. चित्रांत थोरला भाऊ नसायचाच. असलाच तर पार कोपऱ्यात, लहानसा, तोंड फिरवलेला. आम्ही सगळी पोरं स्वतःला धाकट्याच्या जागी ठेवून ऐकायचो. बापाने धावत येऊन गळ्यात पडावं असं कुणाला वाटत नाही? १९९८नंतर मी तो अध्याय पुन्हा उघडला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की दाखला सुरूच होतो वाटणीने. बाप जिवंत आहे, हिंडता-फिरता आहे, आणि धाकटा म्हणतो, माझा वाटा मला द्या. हे मागणं किती जिव्हारी लागणारं आहे ते आमच्याकडच्या माणसाला टीपेशिवाय कळतं. बाप गेल्यावर जे हातात यायचं, ते पोरगा आज मागतोय.

आणि बाप देतो. इथेच मी पहिल्यांदा अडलो. त्याने नाही म्हणायला हवं होतं. माझ्या अण्णांनीही नाही म्हणायला हवं होतं. कितीतरी वर्षं मला वाटत होतं की सगळी चूक तिथे झाली, त्या होकारात.

दुसरं अडलो ते हिशेबाला. मोशेच्या नियमशास्त्रात, 'अनुवाद' या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात, थोरल्याला दुप्पट वाटा सांगितलेला आहे. मुलगे दोन असतील तर तीन भाग करायचे. दोन थोरल्याचे, एक धाकट्याचा. दाखल्यातला धाकटा आपला तिसरा हिस्सा घेऊन दूर देशी गेला आणि तो उडवून बसला. मग घरी उरलं ते कुणाचं? बाप शेवटी स्वतःच्याच तोंडाने थोरल्याला सांगतो, माझं जे काही आहे ते सगळं तुझंच आहे. ही नुसती समजूत नाही, फेरफाराला नोंद झालेली गोष्ट आहे. मग तो उत्तम झगा कुणाच्या पेटीतला? ती अंगठी? ते पुष्ट वासरू कुणाच्या गोठ्यातलं? मी ऐकलेल्या प्रवचनांत हा हिशेब कुणी मांडला नव्हता. शेतकऱ्याच्या डोक्यात मात्र तो सगळ्यात आधी येतो. धाकट्याला सगळं फुकट मिळालं खरं, पण ते थोरल्याच्या वाट्यातून गेलं. तो दाराबाहेर उभा राहून रागावला, तर त्याच्या रागाला आधार होता.

मी त्या रागाची बाजू घेतो आहे असं वाटेल. घेतोच आहे. त्याला हलकं लेखून पुढे गेलेली कुठलीही क्षमा मला खरी वाटत नाही.

२००७च्या जानेवारीत भाऊ परत आला. मधल्या नऊ वर्षांत आधी पुण्यात गाळा, मग सुरतेला कापडाची दलाली, मग कुठे ते कळेना. पत्र नाही, फोन नाही. अण्णा रोज संध्याकाळच्या एसटीच्या वेळेला फाट्यावर जाऊन बसत. निमित्त वर्तमानपत्राचं. ते वर्तमानपत्र सकाळीच घरी वाचून झालेलं असे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी कधी बोलून दाखवलं नाही. दाखल्यात लिहिलंय की मुलगा अजून दूर आहे तोच बापाने त्याला पाहिलं. मला नेहमी वाटतं, दूरवरचं माणूस पहिल्या नजरेत ओळखू येण्यासाठी त्या वाटेकडे आधी किती दिवस पाहिलेलं असावं लागतं!

दाखल्यातला बाप धावतो. अण्णांचे गुडघे गेले होते, ते धावू शकत नव्हते. पण फाट्यावरच्या चहावाल्याने मला नंतर सांगितलं की एसटी पुरती थांबायच्या आत अण्णा रस्त्याच्या मधोमध उभे होते आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. भाऊ उतरला. दाढी वाढलेली, हातात एक नायलॉनची पिशवी. तो म्हणाला, "अण्णा, मी..." अण्णा म्हणाले, "पिशवी दे इकडं."

दाखल्यातही हे असंच आहे, आणि मला तो सगळा अध्याय या एका जागेसाठी प्रिय आहे. दूर देशी डुकरं राखत, त्यांच्या शेंगांकडे बघत बसलेल्या त्या पोराने तिकडेच आपलं बोलणं जुळवून ठेवलं होतं. तीन वाक्यं. बाबा, मी स्वर्गाविरुद्ध आणि तुमच्याविरुद्ध पाप केलं आहे. तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही. मला तुमच्या एका मोलकऱ्यासारखं ठेवा. घरी आल्यावर तो पहिली दोन म्हणतो. तिसरं त्याच्या तोंडून निघतच नाही, कारण बाप तेवढ्यात चाकरांना हाका मारायला लागलेला असतो: झगा आणा, अंगठी आणा, पायात जोडा घाला. मोलकरी होऊन मजुरीतून देणं फेडण्याचा त्याचा बेत बापाने ऐकूनही घेतला नाही.

पायातल्या जोड्याची ओळ आली की आजोबा वाचताना थांबत. त्या काळी गुलाम अनवाणी असत आणि घरचे पुत्र जोडा घालत. म्हणून बाप पायही झाकतो. आजोबा चष्मा काढून पुसत आणि पुढचं आम्हाला वाचायला सांगत. वाड्यासमोरून हातात वहाणा घेऊन गेलेला माणूस त्यांना त्या ओळीत दिसत असणार. आम्हाला तेव्हा वाटे, आजोबांना बारीक अक्षर दिसत नाही.

धाकटा परत का आला, हाही प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. पश्चात्तापाने? की भुकेने? लूक स्पष्ट लिहितो: तो शुद्धीवर आला आणि त्याला पहिल्यांदा आठवली ती बापाच्या मोलकऱ्यांची भाकरी. माझा भाऊ आला तोही सुरतेच्या खोलीचं भाडं थकलं म्हणून. त्याने पुढे ते मला सांगितलं. बाप मात्र कारण विचारत नाही. मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, तिथे 'कळवळा' असा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्दाचं मूळ आतड्यांत आहे, असं एका पाळकांनी मला समजावून सांगितलं होतं. मला ते लगेच पटलं. आमच्याकडेही बाया म्हणतातच की, आतडं तुटतं गं लेकरासाठी. आतडं असं तुटायला लागलं की ते पोराला कारण विचारत बसत नाही.

त्या रात्री मी शेतात होतो. गव्हाला पाण्याची पाळी होती. त्या वर्षांत भारनियमन जोरात. शेतीची लाईट रात्री दहाला यायची आणि पहाटे जायची. मोटार सुरू करून मी दारं धरत होतो. शेजारचा पोरगा बांधावरून ओरडत आला, "काका, घरी चला, धाकटे काका आलेत! आजीनं कोंबडा कापलाय, मंडळी जमलीये भजनाला." तो कोंबडा माझ्या बायकोने पिल्लापासून वाढवलेला. पोरगं पुढे म्हणालं, "आणि त्यांचे कपडे लई मळले होते, तर आजीनं तुमचा नाताळचा शर्ट दिला त्यांना."

नाताळला घेतलेला शर्ट. एकदाच अंगात घातलेला.

मी म्हटलं, "दारं धरलंय. यायला जमणार नाही म्हणून सांग."

पोरगं गेलं. गार वाऱ्याबरोबर भजनाचा आवाज येत होता, झांजा आणि पेटी. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आमच्या मंडळीत म्हाताऱ्यांना पुस्तकाशिवाय येतात. एरवी मी त्यांत पहिल्या रांगेत असतो. मी खोऱ्याने एक वाफा फोडला, दुसरा बांधला. पायाखालचा चिखल बर्फासारखा गार होता. आणि माझ्या लक्षात आलं की मी नेमका कुठे उभा आहे. थोरला मुलगा शेतात होता, असं लूक लिहितो. त्यालाही आतलं गाणं-बजावणं लांबूनच ऐकू आलं, त्यालाही एका चाकरानेच बातमी सांगितली. लक्षात येऊन राग कमी झाला असं नाही. उलट वाढला. माझी गोष्ट आधीच कुणीतरी लिहून ठेवली आहे आणि तिच्यात माझं पात्र चुकीचं ठरवलेलं आहे, असं वाटलं.

थोडा बाजूला जातो. आम्ही दर रविवारी जी प्रभूची प्रार्थना म्हणतो, तिच्यात एक ओळ आहे: जसे आम्ही आपल्या ऋण्यांना ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड. मत्तयाच्या शुभवर्तमानात शब्दच ऋणाचा आहे. त्या नऊ वर्षांत मी ही ओळ आली की ओठ मिटून घ्यायचो. शेजारी बसलेल्या बायकोला ते कळायचं. 'सोडले आहे' म्हणते ती ओळ. सोडू नाही, सोडण्याचा प्रयत्न करू नाही. माझ्या वहीत तर सगळं लिहिलेलं होतं, एकेका पाळीचे किती पैसे दिले ते, तारखेनिशी. जे सोडलं नाही ते सोडलं आहे असं देवापुढे उभं राहून कसं म्हणायचं?

येशूने या वहीबद्दलही एक दाखला सांगितला आहे. त्याचा शिष्य पेत्र विचारतो, भावाने अपराध केला तर किती वेळा क्षमा करू, सात वेळा? तेव्हा येशू म्हणतो, सत्तर वेळा सात, आणि राजाच्या चाकराची गोष्ट सांगतो. चाकर राजाचं दहा हजार तालान्त देणं लागतो, आणि दुसरा एक चाकर त्या चाकराचे शंभर दिनार. एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, एक तालान्त म्हणजे सहा हजार दिनार. मी एकदा पावतीच्या मागच्या बाजूला गुणाकार करून पाहिला. पहिलं देणं सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं, दुसरं शंभर दिवसांचं. पण शंभर दिवसांची मजुरी ही काही क्षुल्लक रक्कम नाही. रोजंदारीवरच्या माणसाला विचारा. माझं नुकसानही खरंच झालं आहे, हे येशू कुठेही नाकारत नाही. तो आकडा तसाच ठेवतो आणि त्याच्या शेजारी दुसरा आकडा मांडतो.

नव्या करारात येशूचा प्रेषित पौल याचं फिलेमोनला लिहिलेलं एक पत्र आहे, अवघ्या २५ ओव्यांचं. अनेसिम हा फिलेमोनचा दास त्याच्यापासून दूर गेला आहे. बहुधा पळून, आणि कदाचित काही नुकसान करून. पौल स्वतः बंदीवासात. तो अनेसिमाला परत पाठवतो आणि लिहितो: त्याला दास म्हणून घेऊ नकोस, प्रिय भाऊ म्हणून घे, त्याने तुझं काही नुकसान केलं असेल, काही देणं लागत असेल, तर ते माझ्या हिशेबी मांड. मी पौल स्वतःच्या हाताने लिहून देतो, मी ते फेडीन. हे वाचलं की मला वाटतं, उधळ्या पुत्राच्या दाखल्यात जो थोरला भाऊ असायला हवा होता तो या पत्रात सापडतो. पौलाला हे सुचलं, कारण त्याचंही देणं कुणीतरी असंच आपल्या नावावर घेतलेलं होतं. वधस्तंभाचा अर्थ मला मोठ्या पुस्तकांतून कधी नीट उमगला नाही. 'माझ्या हिशेबी मांड' या शब्दांतून उमगला.

२०१७च्या नोव्हेंबरमध्ये वर्तमानपत्रात एक बातमी आली आणि तिचं कात्रण मी अजून शास्त्रात ठेवलं आहे. इंदूरला ४ नोव्हेंबरला सिस्टर राणी मारिया यांना कॅथलिक चर्चने 'धन्यवादित' घोषित केलं. संतपदाच्या वाटेवरची ही पायरी. आम्ही प्रॉटेस्टंट, आमच्याकडे हा विधी नाही. पण ती बातमी वाचताना मी जागचा हललो नाही. मूळ केरळच्या या जोगिणीने मध्य प्रदेशात उदयनगरच्या परिसरात गरीब आदिवासी शेतकऱ्यांमध्ये काम केलं. सावकाराच्या कचाट्यातून त्यांनी सुटावं, एकत्र यावं, आपले हक्क मागावेत म्हणून ती झटली. तेच काहींना खुपलं. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी ती इंदूरला जायला बसमध्ये बसली, आणि समुंदर सिंह नावाच्या तरुणाने भर बसमध्ये, प्रवाशांदेखत तिच्यावर सुऱ्याने वार केले. अंगावर पन्नासहून जास्त जखमा होत्या. त्याला जन्मठेप झाली.

इथवरची गोष्ट आपण कितीदा तरी वाचलेली असते. पुढची अशी की तिची सख्खी धाकटी बहीण, सेल्मी पॉल, तीही त्याच संघातली जोगीण, २००२च्या राखीपौर्णिमेला तुरुंगात गेली आणि त्याच्या मनगटाला राखी बांधून आली. ज्या हाताने बहिणीला मारलं त्या हाताला! त्याच्या सुटकेसाठीही तिने शब्द टाकला. २००६मध्ये तो सुटला. नंतर तो केरळात त्यांच्या घरी गेला, आणि त्या घराने त्याला आत घेतलं. उदयनगरला तिच्या कबरीवर तो जात राहिला.

दुसऱ्यांना ऋणातून सोडवायला निघालेली बाई मारली गेली, आणि तिच्या माणसांनी मारणाऱ्याचं ऋण सोडलं. दोन्हीकडे शब्द एकच आहे, हे मला ते कात्रण तिसऱ्यांदा वाचताना दिसलं. सेल्मी पॉल यांना किती वर्षं लागली तेही मी मोजलं. सात. जाऊन राखी बांधायला सात वर्षं. मला त्या सात वर्षांबद्दल फार आदर आहे. एका रात्रीत क्षमा केली असं कुणी सांगितलं की मी गप्प बसतो; कुणाला तशी देणगी मिळतही असेल. मला तरी सात वर्षांची वाट जास्त ओळखीची वाटते.

आणि समुंदर सिंह त्या काळात तुरुंगातच होता, हेही विसरायचं नाही. मंडळीत काही वेळा क्षमेच्या नावाखाली भलतंच सांगितलं जातं. नवरा मारतो म्हणून माहेरी आलेल्या बाईला 'सत्तर वेळा सात' ऐकवून त्याच घरात परत धाडलेलं मी पाहिलं आहे. ते ऐकवणाऱ्यांत एकदा मीही बसलो होतो आणि बोललो नव्हतो. दाखल्यातला बाप वाटेवर धावत जातो तो परतणाऱ्याला मिठी मारायला. घरातल्या कुणाला माराच्या पुढे उभं करायला नाही. क्षमा केली म्हणून दाराला कडी लावायची नाही, असं येशू कुठेही म्हणालेला नाही.

आमच्याकडेही क्षमेने काही परत आलं नाही. अडीच एकर गेली ती गेली. विहिरीतली पाळी आजही व्यापाऱ्याच्या मुलाकडून विकत घेतो. भावाचं सुरतेचं चाळीस हजारांचं देणं त्या वर्षीच्या उसाच्या बिलातून फेडलं, तेव्हा घरात चार दिवस माझं आणि बायकोचं बोलणं बंद होतं. तिचं चुकलं होतं असं मी म्हणणार नाही; त्या पैशांत मुलीची फी होती. भाऊ आता शाळेची गाडी चालवतो, मागच्या खोलीत राहतो. आमच्यात मोकळं बोलणं सुरू व्हायला दोन वर्षं गेली. २०१४मध्ये अण्णा गेले. त्यांच्या उशाखालच्या शास्त्रात लूकचा पंधरावा अध्याय जिथे येतो तिथलं पान बोटांनी मऊ झालेलं होतं, पण खालची शेवटची आठ ओव्यांची जागा, थोरल्या मुलाची, ती जास्त मळलेली होती. तिथे त्यांनी पेन्सिलीने काही लिहिलेलं नाही. नुसता अंगठ्याचा डाग.

त्या आठ ओव्यांत बाप दुसऱ्यांदा घराबाहेर येतो. पहिल्यांदा धाकट्यासाठी आला, आता थोरल्यासाठी. आत पंगत बसलेली असताना यजमान उठून बाहेर येतो आणि रुसलेल्या मुलाची विनवणी करतो. थोरला त्याला बाबा म्हणत नाही; 'हा तुमचा मुलगा' म्हणतो, भाऊ म्हणत नाही. बाप रागावत नाही. बाळा, म्हणतो. 'हा तुझा भाऊ' म्हणतो. आणि येशू दाखला तिथेच थांबवतो. थोरला आत गेला की नाही, ते सांगत नाही. पापी लोकांबरोबर हा जेवतो म्हणून कुरकुर करणाऱ्या शास्त्र्या-परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ धर्मपंडितांना, तो हे सांगत होता. ते समोरच उभे होते, उत्तर त्यांनी द्यायचं होतं.

त्या रात्री बारा वाजून गेले असतील. भजन थांबलं होतं. बांधावर बॅटरीचा उजेड हलताना दिसला. गुडघ्यावर एक हात दाबत, थांबत थांबत अण्णा येत होते. रात्रीचं त्या वाटेने ते गेल्या दोन वर्षांत आले नव्हते. जवळ आले, दम खाल्ला, आणि वाहत्या पाण्याकडे बघत उभे राहिले.

"कितवा वाफा?"

"अजून नऊ राहिलेत."

"खोरं दे. तू जेवून ये."

"अण्णा, थंडी आहे. तुमचे पाय..."

"दे."

मग मी बोललो. नऊ वर्षांचं सगळं, पाळ्यांचं, पैशांचं, व्यापाऱ्याच्या गड्यासमोर उभं राहण्याचं, कोंबड्याचं, शर्टाचंसुद्धा. चढ्या आवाजात बोललो. पहिल्यांदाच त्यांच्यासमोर एवढं बोललो असेन. त्यांनी मधे अडवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "ठाऊक आहे मला." आणि धोतर वर खोचून चपला बांधावर काढल्या, चिखलात पाय घातले आणि माझ्या हातातलं खोरं घेतलं.

चिखलाने भरलेल्या पायांनी मी घरी आलो. अंगणातली मंडळी पांगली होती, कंदील तेवढा दाराशी होता. मी दाराबाहेरच थांबलो. पाय धुवायला हवे होते, आणि त्या निमित्ताने आणखी थोडा वेळ थांबता येणार होतं. आत ताटं वाढलेली दिसत होती, दोन, आणि दोन्ही तशीच झाकलेली.

भाऊ बाहेर आला. माझा शर्ट त्याच्या अंगावर मोठा होत होता, बाह्या दुमडलेल्या. किती वाळला होता तो. त्याने काही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग रांजणाशी गेला, तांब्या भरून आणला, माझ्यासमोर वाकला आणि पायांवर पाणी ओतायला लागला.

पाणी फार गार होतं. मी एक पाय पुढे केला, मग दुसरा.